पाचव्या घरातली राख

या खोदकामातून गवंड्याला मिळणार काय होतं, ते आधी सांगून टाकू, म्हणजे पुढच्या त्याच्या वागण्याचं कोणाला नवल वाटणार नाही. मजुरी धरू नका. ती त्याच्या रोजच्या कामाच्या निम्मीही नव्हती, आणि ती ठरवताना त्याने एका शब्दाचीही घासाघीस केली नाही, यावरूनच कोणीतरी ओळखायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. रोज पहाटे दीड तासाची चढण होती. दिवसभर उकिडवं बसायचं होतं, आणि चाळिशीतल्या गुडघ्यांना ते मानवत नाही. हे सगळं त्याने आनंदाने कबूल केलं ते एकाच गोष्टीसाठी. पाचव्या घरातली माती सगळ्यांच्या आधी त्याच्या थापीखाली यायला हवी होती. जे त्याला आधी दिसेल, ते दुसऱ्या कोणाला दिसू द्यायचं की नाही, हे मग त्याच्या हातात राहणार होतं.

पाचवं घर त्याच्या बापाचं.

डोंगरावरच्या त्या सपाटीवर सतरा घरांची वस्ती होती. तीनएकशे वर्षं लोकांनी तिथे दगड वेचून शेतं केली, बांध घातले, गुरं राखली, आणि मग एकदा ती वस्ती उठली. आता तिथे गुडघाभर भिंती, त्यांच्यात वाढलेली काटेरी झुडपं आणि गोठ्यांच्या जागी तेवढं जास्त हिरवं गवत. वस्ती का उठली हे खालच्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं: आग लागली म्हणून. आग कोणाच्या घरातून लागली हेही माहीत होतं. गवंड्याच्या बापाने चूल नीट विझवली नाही, वारा सुटला, आणि सतरा घरांची राखरांगोळी झाली. मग सरकारने खाली प्रत्येकाला घरापुरती जमीन दिली, आणि सतराही कुटुंबं एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली.

तेव्हापासून अडतीस वर्षं त्या रस्त्यावर गवंड्याच्या घराला एक नाव होतं. बाप होता तोवर तो 'काडेपेटी'. बाप गेल्यावर ते नाव घराबरोबर आणि हातोडी-ओळंब्याबरोबर मुलाकडे आलं. कोणी वाईट बोलायचं नाही. हसून बोलायचे. हसून बोललेल्याचं वाईट वाटून घेता येत नाही, ही त्यातली खरी अडचण. रस्त्यावर काही कार्य निघालं, बायका मिळून स्वयंपाकाला बसल्या, की कोणीतरी गवंड्याच्या आईला म्हणायचंच, "तू इकडे भाजी चिरायला बस गं, चुलीजवळ नको." सगळ्या हसायच्या, आणि आईही हसायची. ती आता शहात्तर वर्षांची होती आणि भाजी बेताची बारीक चिरण्यात तिचा हात धरणारं रस्त्यावर कोणी नव्हतं.

तर अशात शहरातल्या संस्थेतून बाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधणाऱ्या, कानावर कायम पेन्सिल. लोक उंचावरची शेती का सोडून जातात, यावर त्यांचं काम होतं. माणसं गेल्यावर घर कसं मरतं हे त्या मातीतून वाचत. त्यांनी मजूर गोळा करायला मुकादम नेमला. हा मुकादम त्याच रस्त्यावरचा, सतरांपैकी अकराव्या घराचा, पासष्टीचा, मिशा पांढऱ्या आणि जीभ सगळ्यांत तिखट. काम कशाचं हे त्यानेच चहाच्या टपरीवर सांगितलं होतं.

"वाटेवर फलक लावणार आहेत बाई. वस्ती कधी वसली, कशी उठली, कुठल्या घरात काय सापडलं, सगळं रंगवून. आणि पुस्तक छापणार." मग गवंड्याकडे बघून, "तुझ्या घराला तर मानाची जागा आहे, काडेपेटी. सरकारी कागद आहे बाईंकडे. त्यात लिहिलंय, आगीचं मूळ: घर क्रमांक पाच."

टपरी हसली. गवंडीही हसला. पण तोंडी चेष्टा सतरा घरांपुरती असते. फलक उन्हापावसात उभा राहतो, वाटसरू तो वाचतात, नातवंडं वाचतात. आई अजून चालत होती, बोलत होती. मुख्य म्हणजे तिला वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नाव नोंदवलं, आणि तिसऱ्या दिवशी, "माझंच घर आहे, मलाच द्या, हात जपून चालेल," असं म्हणून पाचवं घर मागून घेतलं. बाईंना ते आवडलं.

बाईंचे नियम दोनच. मातीचा रंग बदलला की हात थांबवायचा आणि त्यांना हाक मारायची, हा पहिला. दुसरा असा, की प्रत्येक घराच्या मधोमध हातभर रुंदीची मातीची भिंत न खणता राखायची; दोन्ही बाजू खाली गेल्या तरी ती उभी राहिली पाहिजे. "बाकी सगळं आपण उचलून नेतो," त्या म्हणाल्या होत्या, "कशावर काय होतं हे मग त्या भिंतीतच वाचायचं. ती आपली साक्षीदार."

वरचं गवत निघालं, ढासळलेले दगड निघाले. आणि एका सकाळी थापीच्या टोकाला काळं लागलं. भुसभुशीत, जळक्या गवताचं, बोटाला चिकटणारं काळं.

नियमाप्रमाणे हाक मारायची होती. पण त्याच सकाळी बाई दोन दिवसांसाठी शहरात गेल्या होत्या. गवंड्याला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्यासाठी कोणीतरी वेळ जमवून दिली. त्याने खाली मान घातली आणि फावडं घेतलं. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचं काळं, आणि त्याच्याखालची राखाडी मातीसुद्धा, थेट जमिनीपर्यंत उपसून, टोपल्या भरभरून, त्याने उताराकडच्या टाकाऊ मातीच्या ढिगावर नेऊन ओतली. एरवी मुकादम तासातासाला प्रत्येक घरात डोकावून काहीतरी लावून बोलायचा. त्या दोन दिवसांत तो पाचव्या घराकडे फिरकलासुद्धा नाही. हेही गवंड्याने आपल्या नशिबाच्या खात्यात टाकलं.

उरली मधली भिंत.

ती पाडली असती तर पाचव्या घराची गोष्टच संपली असती. एक खांदा लावला असता, "ढासळली हो बाई" म्हटलं असतं, झालं. त्याने खांदा लावूनही पाहिला. पण बावीस वर्षं ज्याने भिंती उभ्या केल्या, त्याच्याच्याने सरळ उभी भिंत पाडवेना, मग ती मातीची का असेना. उलट ती जराशी कलल्यासारखी वाटली म्हणून त्याने ओळंबा लावला, थापीने दोन्ही अंगं तासून काटकोनात आणली. तासल्यावर काळा पट्टा आणखीच उठून दिसायला लागला. मग त्याने आपल्याला येतं तेच केलं. बारीक माती चाळली, पाण्यात कालवली, आणि तो पट्टा लिंपून टाकला. एक हात, मग दुसरा हात. संध्याकाळी उतरताना मागे वळून पाहिलं, तर कुठे सांधा दिसत नव्हता. काम झक्क झालं होतं.

तेच नडलं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या, पाचव्या घरात उतरल्या, आणि भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, हे काय?"

"भिंत राखली बाई. तुम्हीच म्हणाला होता."

"राखायला सांगितली होती. लिंपायला नाही."

"पावसाने ढासळू नये म्हणून जरा..."

"पावसाला अजून दोन महिने आहेत." बाईंनी तळहात भिंतीवरून फिरवला. "तीस वर्षं झाली मला माती खणायला लागून. इतकी गुळगुळीत माती मी कुठेच पाहिली नाही. एवढं सुरेख काम करायचं नव्हतं मिस्त्री, मग कदाचित माझ्या लक्षात आलं नसतं."

त्यांनी कमरेची छोटी थापी काढली, वर थोडं पाणी शिंपडलं आणि लिंपण वरून खाली खरवडलं. काळा पट्टा बाहेर आला, ओला, चकचकीत. गवंड्याचे हात आपोआप पाठीमागे गेले, शाळेत उभं केल्यासारखे.

"माझ्या बापाचं घर आहे," तो म्हणाला. मग थांबलाच नाही. फलक, कागद, काडेपेटी, आईचं भाजी चिरणं, सगळं एका दमात बाहेर आलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण तो ऐकून की रागाने, हे त्याला कळेना.

"किती टोपल्या टाकल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मोजल्या असणार. ओळंब्याशिवाय मातीची भिंतसुद्धा न सोडणारा माणूस तुम्ही."

"एकोणचाळीस," गवंडी खाली बघत म्हणाला.

"त्या सगळ्या चाळाव्या लागतील. हाताने. एकूण एक." बाईंनी एक खोल श्वास घेतला. "तुम्ही घराचं पुस्तक फाडून टाकलंत मिस्त्री. नशीब म्हणा की एक पान राहिलं, आणि तेही तुमच्या हातून पाडवेना म्हणून. इकडे या. बसा. खालून वर वाचा."

तो बसला. नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळ.

"सगळ्यांत खाली काय?"

"जमीन. सारवलेली."

"तिच्यावर काही? मडकं, चमचा, काटक्या, कोळसा?"

"काही नाही. झाडून काढल्यासारखी आहे."

"झाडूनच काढलीय. चूल कशी होती? तुम्हीच उघडली."

गवंड्याला आठवलं. चुलीवर एक सपाट दगड ठेवला होता, बेताने, चारी बाजूंनी बसवून. त्याने तो उचलला तेव्हा आत राख नव्हती. चूल पुसून ठेवली होती.

"आता वर या. जमिनीवर काय?"

"ही राखाडी माती. चार बोटं. वाऱ्याने येऊन बसते तसली."

"आणि तिच्यात हे बारके गोळे?"

तसले गोळे त्याने फावड्याने ढीगभर फेकले होते. आता बाईंनी त्यातला एक चिमट्याने काढून त्याच्या तळहातावर ठेवला. केसांचा आणि बारीक हाडांचा, दाबून वळल्यासारखा गोळा. त्यात उंदराचा एवढासा जबडा दिसत होता, दातांसकट.

"घुबडाचं आहे हे. उंदीर गिळतं आणि हाडं-केस असे ओकून टाकतं. आढ्यावर बसून. एका जागी एवढे गोळे साचायला वर्षं लागतात. आता मला सांगा, घरात माणसं असताना, चूल पेटत असताना, पोरं रडत असताना आढ्यावर घुबड राहतं?"

"नाही," गवंडी म्हणाला.

"आणि काळं कुठेय?"

काळं वर होतं. जमिनीच्या वर, चार बोटं मातीच्या वर, घुबडाच्या वर. जळून कोसळलेलं छप्पर. ते पडलं तेव्हा खाली झाडून ठेवलेल्या जमिनीवर कित्येक वर्षांची धूळ साचलेली होती. गवंड्याने पट्टा पुन्हा बोटाने चाचपला. आयुष्यभर जे ऐकलं होतं ते खरं असतं तर काळं जमिनीला चिकटून हवं होतं. तिथे तर मध्ये एवढी जागा होती, की त्याची चारही बोटं आडवी मावत होती.

"म्हणजे आग लागली तेव्हा..."

"घरात कोणी नव्हतं. कोणी राहतच नव्हतं. आधी लोक गेले, नीट आवरून, दारंसुद्धा काढून घेऊन. या जळक्या पट्ट्यात बिजागरी नाही, खिळा नाही, आणि तुमच्या फावड्यालाही लागला नसणार. आग नंतर. तुमच्या वडिलांच्या चुलीने वस्ती उठली नाही मिस्त्री. चूल थंड होती, झाकलेली होती."

गवंड्याचा जीव भांड्यात पडला. पण तो इतक्या वरून पडला की त्याला काही वेळ उठताच येईना. मग त्याने नाक पुसलं, आणि हाताच्या काळ्याने मिशीला आणखी एक रेघ ओढली गेली.

"मग लावली कोणी?" त्याने विचारलं.

"ते माती सांगत नाही," बाई म्हणाल्या. "ते घरी विचारा."

घरी आई ओट्याजवळ पाटावर बसून वाटाणे सोलत होती. ताई, त्याची थोरली बहीण, रस्त्याच्या टोकाला शिवणकाम करणारी, रोज संध्याकाळी येऊन बसायची, तशी बसली होती. ती वाटाणे सोलत कमी आणि खात जास्त होती.

"तोंडाला काय फासून आलास?" ताई म्हणाली. "आरसा बघितलास का?"

त्याने घुबडाचा गोळा आईसमोर परातीच्या काठावर ठेवला आणि चार बोटांची गोष्ट सांगितली. आईच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.

"चाळीस वर्षं झाकलेलं," ती शेवटी म्हणाली, "आणि घुबडाने चहाडी केली."

"आई!" ताई ताठ बसली.

"ओरडू नकोस. सांगते." आईने शेंग सोलून टाकली. "वरचा झरा आटत चालला होता. शाळा खाली, दवाखाना खाली, कारखाना खाली. एकेक घर उतरत गेलं. सहा वर्षांत सतराही उतरली. कोणी हाकललं नाही, काही जळलं नाही. मी तर जमीन सारवून निघाले. मागे वळून बघताना घाण घर दिसायला नको म्हणून. आणि खाली आल्यावर कारखान्याच्या शेडमध्ये राहिलो, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं. मग कळलं की सरकार जमीन देतंय, पण ज्यांचं घर आपत्तीत गेलं त्यांनाच. स्वतःहून उतरलेल्याला काही नाही."

"मग?"

"मग एका दुपारी सगळे पुरुष वर गेले. प्रत्येकाने आपलं घर आपल्या हाताने पेटवलं. दुसऱ्याच्या घराला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. आता अधिकारी आला बघायला. त्याला दिसत नव्हतं असं नाही. जळक्या भिंतींमध्ये त्याच्या उंचीची झुडपं होती. पण चांगला माणूस होता. म्हणाला, आग लिहितो. फक्त अर्जात एक रकाना आहे, आग कोणाच्या घरातून लागली. सतरा घरांतून एकदम आग लागत नाही, तिथे एक नाव पाहिजे."

"आणि बाबांनी..."

"सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. अर्धा तास. अकराव्या घरचा तुमचा तो मुकादम, तो तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. अधिकारी कागद मिटायला लागला. तुझ्या बापाला घाई होती. तू दोन वर्षांचा, अंगात फणफणून ताप, मी एकटी. तो म्हणाला, लिहा माझं, पण लवकर लिहा, मला घरी जायचंय."

बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला आणि रस्त्यावरच्या बादल्या खणखणल्या. एरवी आई पहिली उठते. आज उठली नाही.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" गवंडी म्हणाला.

"जमिनीचा कागद पक्का व्हायला पंधरा वर्षं होती. तोवर तोंड उघडायचं नाही, सतरा घरांची शपथ. पंधरावं संपलं की सगळ्यांसमोर सांगू असं त्यांनी कबूल केलं होतं. तुझा बाप चौदाव्या वर्षी गेला. मग म्हणाले, आता त्याला काय फरक पडतो. आणि मला कोणी विचारलंच नाही."

"आणि मुकादमकाका? त्यांना माहीत असून ते मला काडेपेटी म्हणतात?"

"सुरुवातीला सगळ्यांनी म्हणायचं असं ठरलंच होतं, खरं वाटावं म्हणून. पुढे सवय झाली." आईने टरफलं गोळा केली. "तुमच्यापैकी कोणाला कधी विचारावंसं वाटलं नाही, की घर जळलं तर दार कसं वाचलं?"

"कुठलं दार?"

आईने हनुवटीने न्हाणीकडे दाखवलं. जुनं, जाड फळ्यांचं, खाली पाण्याने कुजलेलं, दोन लोखंडी बिजागऱ्यांवर करकरणारं दार. गवंडी जन्मभर रोज सकाळी त्यातून आत-बाहेर करत होता. दोनदा त्याने त्याला खालून पत्रा मारला होता.

"हे वरचं आहे?"

"आपल्या घराचं पुढचं दार. तुझ्या बापाने पाठीवर घेऊन आणलं. मी ताईला आणलं."

"आणि मला?" गवंडी म्हणाला.

आई जराशी घुटमळली. "तू तेव्हा नव्हतास. तू शेडमधला. वर जन्मलास असं सांगावं लागायचं, नाहीतर वर्षं जुळली नसती."

ताईने आधी तोंडावर हात धरला, मग तिला आवरेना. "अरे देवा! आणि हा मला जन्मभर ऐकवतोय, मी डोंगरातला, माझे गुडघे डोंगरातले! अरे धाकट्या, तू पत्र्याच्या शेडमधला. डोंगरातली मी."

"तूही दोन महिन्यांची होतीस," आई म्हणाली. "फार उड्या मारू नकोस."

तिघंही हसत सुटली. हसता हसता आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा ताईने पदर पुढे केला आणि स्वतःचे डोळे आधी पुसून घेतले.

दुसऱ्या दिवशी गवंडी वर पोचला तेव्हा मुकादम बाईंसमोर उभा होता. रस्त्यावर गोष्ट पोचायला रात्र पुरली होती. म्हाताऱ्याचा चेहरा त्याच्या मिशांइतका पांढरा पडला होता.

"बाई, तुम्ही हे छापणार?"

"लोक आधी गेले आणि आग नंतर लागली, हे छापणार. सतराही घरांत तेच निघेल."

"मग आमच्या जमिनी? कोणी उकरून काढलं तर? सतरा कुटुंबं आहेत बाई. माझा मुलगा, सुना..."

बाईंनी त्याला पूर्ण घाम फुटू दिला. मला वाटतं, त्यांनी ते जाणूनबुजून केलं.

"बसा," मग त्या म्हणाल्या. "तुमचे कागद पक्के होऊन तेवीस वर्षं झाली. ते खातंच बंद झालं. त्यांची सगळी दप्तरं आमच्या संस्थेच्या कपाटात आहेत, वाळवी लागू नये म्हणून मीच औषध टाकते. सतराही अर्ज मी वाचलेत, एकाच अक्षरातले, एकाच शाईचे. परवा शहरात गेले ती हेच आमच्या वकिलांना विचारायला. कोणाची वीतभरही जमीन जात नाही."

मुकादम दगडावर बसला. अडतीस वर्षांची धास्ती अशी एकदम उतरली की माणूस हलका होण्याऐवजी रिकामा होतो. मग त्याची नजर गवंड्यावर गेली. तोंड उघडलं, जुना शब्द जिभेवर येऊन थांबला असावा, आणि त्याने तो गिळला.

"दोन दिवस तू टोपल्या ओतत होतास," तो म्हणाला, "मी बघत होतो. हाक मारली नाही. वाटलं, जातंय तर जाऊ दे सगळंच."

"कळलं मला," गवंडी म्हणाला.

"तुझा बाप..." मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. "नाडी सुटली नव्हती माझी."

"तेही कळलं, काका."

फलकावरचा मजकूर बाईंनी महिन्याभराने लिहिला. वस्ती तीनशे वर्षं नांदली. पाणी आटत गेल्याने आणि सोयी खाली असल्याने लोक स्वखुशीने, घरं झाडून, चुली झाकून उतरले. रिकामी घरं पुढे काही वर्षांनी जळली. कोणाचं नाव नाही, घराचा क्रमांक नाही. गवंड्याने तो आईला वाचायला नेला. तिने चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाली, "'सारवून' हवं होतं. 'झाडून' तर कोणीही झाडतं." बाईंनी ते बदललं.

राहता राहिल्या एकोणचाळीस टोपल्या. गवंड्याने त्या पुढच्या रविवारी एकट्याने चाळायला घेतल्या. उताराकडच्या ढिगाशी चाळणी टांगली, बसला. तासाभराने वाटेवर माणसं दिसायला लागली. रस्त्यावरची. कोणाच्या हातात घरची पिठाची चाळणी, कोणाच्या हातात वाळूची. क्षमाबिमा कोणी मागितली नाही. "सर जरा," म्हणाले, आणि बसले. आईला दोघांनी धरून, वाटेत चार वेळा बसवत वर आणलं होतं. चहाची वेळ झाली तेव्हा सातव्या घरच्या काकूंनी तीन दगडांची चूल मांडली, काटक्या रचल्या, आणि काही न बोलता काडेपेटी आईपुढे धरली. सगळ्यांचे हात थांबले.

"मी कशाला?" आई म्हणाली. "मला सावलीतून उठवत नाही. तुमचे हात आहेत ना अजून? पेटवा तुम्हीच."

काकूंच्या तीन काड्या वाऱ्याने विझल्या. चौथीला पेटली.

तर आता कोणी काय दिलं ते मांडू. सतरा घरांना जमीन मिळाली, अधिकाऱ्याचा रकाना भरला, बाईंचं पुस्तक झालं. टोपल्या होत्या एकोणचाळीस. त्यांतल्या बारा गवंड्याने चाळल्या, चार ताईने. ताईचं तोंड मात्र दहा टोपल्यांचं चाललं. रस्त्यावरच्या अकरा घरांनी मिळून चौदा चाळल्या. चार घरांनी पाठदुखीचे निरोप पाठवले, आणि त्यांतल्या दोघांना खरंच पाठदुखी होती. उरलेल्या नऊ मुकादमाने, कोणी न सांगता, अंधार पडायच्या आत एकट्याने संपवल्या. चाळलेल्या मातीतून घुबडाचे एकशे सदतीस गोळे निघाले, ते संस्थेत गेले.

आईने एकही टोपली चाळली नाही. तिचा वाटा आधीच भरून झाला होता.